पायऱ्या: नाशिकमधल्या एका दिवसाची नोंद

येवल्याहून सकाळची एसटी पकडली तेव्हा आभाळ नुसतं दाटलेलं होतं. विंचूर सोडलं आणि पावसाने काचा धुऊन काढल्या. निफाडपर्यंत दोन्ही बाजूंना मका, सोयाबीन आणि मधूनच द्राक्षबागांचे हिरवेगार मांडव. माझ्या पिशवीत डबा, छत्री आणि एक दोनशे पानी वही होती. वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहिलेला होता: वाचनालयाच्या संगणकावर ‘शेतकऱ्यांसाठी’ शोधलं तर शून्य का येतं?

१२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या प्रतिमेला गावात हार घातला होता. त्यांची जयंती, म्हणून तो आमचा ग्रंथपाल दिन. त्याच आठवड्यातल्या शनिवारी जिल्ह्यातल्या आम्ही बारा ग्रंथपालांनी नाशिकला भेटायचं ठरवलं. कुणी परिपत्रक काढलेलं नव्हतं, अध्यक्ष नव्हता, सत्कार नव्हता. एकमेकांची ग्रंथालयं बघायची आणि कामाचं बोलायचं, एवढंच.

मी सतरा वर्षं गावच्या ‘क’ वर्ग वाचनालयात काम करते. कुलूप उघडते, झाडते, पेपर लावते, दाखल नोंदवही लिहिते, देवघेव सांभाळते, अनुदानाचे कागद भरते. हे सगळं एकटीने. कष्टांचं काही वाटत नाही, पण अडलं तर विचारायला शेजारच्या खुर्चीवर कुणी नसतं, याचं फार वाटतं. शिक्षकांना शिक्षकखोली असते. आमच्याकडे खोलीभर पुस्तकं असतात आणि माणूस एक.

निमाणी बसस्थानकावर उतरले आणि आधी गोदाघाटावर गेले. नाशिकला येऊन गंगेला न भेटता पुढे जाणं मला जमत नाही (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात). धरणातून पाणी सोडलेलं होतं. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याच्या वर पाणी चढलं होतं आणि लोक पुलावर थांबून बघत होते. पूर किती आला हे इथे मारुतीवरून सांगतात: घोट्याला, कमरेला, छातीला. शहाणपण एकाच्या डोक्यात न राहता सगळ्यांच्या तोंडी कसं राहतं, याचं हे उदाहरण मला पुढे दिवसभर आठवत राहिलं.

तिथून चालत रविवार कारंजा आणि मग टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय, नाशिककरांचं ‘सावाना’. स्थापना १८४०. मुंबई-ठाणे आगगाडी धावली १८५३ साली, म्हणजे तिच्याही तेरा वर्षं आधी या गावात वाचनालय होतं. मी पायरीवर चप्पल काढायला वाकले आणि मग लक्षात आलं की इथे चप्पल काढत नाहीत. आत जुन्या कागदाचा तो वास, जो आमच्या धंद्यातला माणूस डोळे मिटूनही ओळखतो. वाचनकक्षात पेपर उलटल्याचा आवाज सोडला तर शांतता होती. एक आजोबा भिंगातून अग्रलेख वाचत होते, आणि त्यांच्या शेजारी स्पर्धा परीक्षेची एक मुलगी टिपणं काढत होती. दोघांच्या मधल्या खुर्चीवर दोघांच्या छत्र्या ठेवलेल्या होत्या.

पुढचा मुक्काम टिळकवाडीतलं कुसुमाग्रज प्रतिष्ठान. तात्यासाहेब इथे राहत. ग्रंथपालाला या घरासमोर उभं राहिलं की तालिकेची, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या सूचीची, आठवण होते, कारण हा एक माणूस तालिकेत तीन नावांनी उभा असतो. जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. काकांकडे दत्तक गेल्यावर विष्णु वामन. आणि कवितेसाठी कुसुमाग्रज, म्हणजे धाकट्या बहिणीचा, कुसुमचा, थोरला भाऊ. कविता एका नावावर, नाटकं दुसऱ्या नावावर. जुन्या कार्डांच्या तालिकेत आम्ही ‘शिरवाडकर, वि. वा.: कुसुमाग्रज पाहा’ असं कार्ड घालत असू. लाकडी खणात बोटं फिरवणाऱ्या वाचकाला ते कार्ड हाताला धरून योग्य जागी नेई. संगणक आल्यावर कार्डं माळ्यावर गेली, आणि ‘पाहा’ म्हणणारं कुणी उरलं नाही. मराठीत टोपणनावांची एवढी मोठी परंपरा असताना हे दुवे सोडून देणं मला अक्षम्य वाटतं. त्या कार्डांत आधीच्या ग्रंथपालांची सगळी मेहनत आहे.

प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतल्या पेट्यांबद्दलही बोलणं निघालं. पुस्तकं पेटीत भरायची, पेटी वाचकांच्या गटाला द्यायची आणि गटागटांत पेट्या अदलाबदल करायच्या. नाशिकमधून निघालेल्या या पेट्या परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत गेल्या. आमच्यातली सिन्नरकडची एक शालेय ग्रंथपाल म्हणाली, “ताई, पुस्तकं पेटीत बसून दुबईला जातात आणि आपल्याला ठाऊक असलेलं सिन्नरहून येवल्याला जात नाही.”

दुपारी मिसळ खाल्ली. पापड, तर्री, सगळं होतं, पण मन वहीत होतं. हात धुऊन आम्ही एका सदस्याच्या घरी सतरंजीवर बसलो आणि मी माझा प्रश्न वाचला.

झालं असं होतं. उन्हाळ्यात एक बागायतदार वाचनालयात आले. शेतकऱ्यांसाठी काही पुस्तकं आहेत का, म्हणाले. मी संगणकावर टाकलं: ‘शेतकऱ्यांसाठी’. निकाल शून्य. मागच्या कपाटात ड्यूई वर्गीकरणाच्या ६३० या विषय-क्रमांकापासून पुढे शेतीची रांग भरलेली, त्यात ६३४.८ ला द्राक्षं, आणि पडद्यावर शून्य. मी उठून पुस्तकं काढून दिली, पण ते जाताना म्हणाले, “मशिनीत नाही म्हणजे कमीच असतील.” ते वाक्य मला तीन महिने टोचत होतं. मी मदतीसाठी जिथे फोन केले तिथून ‘अर्ज पाठवा’ एवढंच उत्तर मिळालं.

निफाडकडच्या एका सरांनी माझ्या हातातून वही घेतली आणि ‘ऱ्य’ दोनदा लिहिलं. “दिसायला दोन्ही सारखी ना?” म्हणाले. “संगणकाला सारखी नाहीत.” एक पद्धत अशी, की खास ‘ऱ’ हे अक्षर घ्यायचं आणि त्याला य जोडायचा. दुसरी अशी, की साधा ‘र’, त्याला हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग य. कागदावर फरक शून्य. पण नोंदी एका पद्धतीने टाकलेल्या आणि शोध दुसऱ्या पद्धतीने घेतला, तर यंत्र म्हणणार, असा शब्दच नाही. पायऱ्या, वाऱ्या, दुसऱ्या, शेतकऱ्या, सगळे शब्द असे हरवतात. माझ्याकडे जुन्या नोंदी टाकल्या होत्या एका मुलाने, आणि आता टाकते मी. दोघांचे कीबोर्ड वेगळे.

उपाय साधा होता. सगळ्या नोंदी तक्त्यात उतरवायच्या, एक रूप ठरवायचं, दुसरं शोधून एकदम बदलायचं, तपासून परत भरायचं, आणि ठरलेली पद्धत कीबोर्डशेजारी चिकटवून ठेवायची. हे त्या सरांनी दोन वर्षांपूर्वीच केलं होतं. त्यांचं गाव माझ्यापासून तासाभराच्या वाटेवर.

“सर, हे कुठे लिहिलं का नाहीत?” मी विचारलं. आवाज चढला होता, हे मान्य करते. ते शांतपणे म्हणाले, “एवढ्याशा गोष्टीचं काय लिहायचं, असं वाटलं.”

मग प्रत्येकाकडची ‘एवढीशी गोष्ट’ निघायला लागली. सिन्नरच्या बाईंनी पिशवीतून एक सुटलेलं पुस्तक काढलं आणि सतरंजीवरच दाखवलं: मैद्याची खळ, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद, पुठ्ठ्यावर मलमलची पट्टी, आणि खळ लावताना बोट नेहमी शिवणीकडून बाहेर न्यायचं, नाहीतर पान सुरकुततं. त्यांच्या नखांच्या कडा निळसर झालेल्या होत्या. मी ते बोट किती वेळ बघत होते, मलाच कळलं नाही. वर्गात शिकवलेली बांधणी मी विसरले होते. ही विसरणार नाही.

परतीच्या गाडीत रंगनाथन यांचा विचार येत राहिला. ते गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, पण त्या एकाकी खोलीत जीव रमेना आणि पुन्हा शिकवायला जावं असं त्यांना वाटू लागलं. मग इंग्लंडला गेले आणि तिथली शंभरहून अधिक ग्रंथालयं पाहिली. परतले ते आयुष्यभराचे ग्रंथपाल होऊन. १९३१ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत आम्ही परीक्षेसाठी पाठ केले, पण त्याआधीची ती भटकंती आम्हाला कुणी नीट सांगितली नाही. मला वाटतं, ती आधी शिकवायला हवी.

रविवारी वाचनालय बंद ठेवून मी तक्ता उतरवला. रात्री साडेनऊला ‘शेतकऱ्यांसाठी’ टाकलं आणि पडद्यावर रांग उभी राहिली. मग वहीत सगळं पायरीपायरीने लिहिलं, खळीसकट, आणि पानांचे फोटो बाकी अकरा जणांना पाठवले. सोमवारी त्या बागायतदारांना फोन केला. ते आले आणि स्वतः पडद्यावर बोट ठेवून दोन पुस्तकं निवडली.

संध्याकाळी पेठकडून एक फोन आला. त्या शनिवारी नाशिकला येऊ न शकलेली, नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी. कुणीतरी माझी पानं तिला पुढे पाठवली होती. “ताई, ते ऱ्य जमलं,” ती म्हणाली. “आता एक सांगा, मोरचूद खळ उकळताना घालायचं की गार झाल्यावर?”

मी सिन्नरला फोन लावला.