सूट विमानातून नेताना: 'लटकवून न्या' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. सूट हँगरसकट कव्हरात घालून, हातावर टाकून विमानात नेऊ नका. पुढच्या वर्गाचं तिकीट असेल तर गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी या फंदात पडूच नये.

मला लटकवून न्यायचा सल्ला ज्याला विचारलं त्याने दिला. 'अरे, घडीच घालायची नाही. कव्हर हातात धरायचं, चढताना हसून विनंती करायची, ते पुढच्या कपाटात टांगून ठेवतात.' सांगणारे सगळे पुढच्या रांगांत बसणारे होते, हे विमानात चढल्यावर उमगलं. लहान विमानांत ते कपाट म्हणजे एक अरुंद खण असतो, काहींत तोही नसतो, आणि असलाच तर कर्मचाऱ्यांच्या सामानाने भरलेला. मला अत्यंत गोड आवाजात नकार मिळाला. 'सर, वरच्या कप्प्यात जागा बघा.'

त्याआधी गेटवर वेगळाच प्रकार झाला होता. कव्हर ही जादा बॅग धरली गेली. वाद घालून उपयोग नाही, कारण हिशोब आपल्या बाजूने नसतो. केबिन बॅगेची मर्यादा बऱ्याच कंपन्यांत 55 × 40 × 20 सेंटिमीटरच्या आसपास असते. सुटाचं कव्हर साधारण 100 ते 110 सेंटिमीटर लांब आणि 60 रुंद. मधोमध दुमडलं तरी 55 × 60 उरतं. म्हणजे नियमात ते बसतच नाही, सोडायचं की अडवायचं हे समोरच्याच्या मर्जीवर. त्या दिवशी मर्जी नव्हती. पैसे भरले, आणि तेही आधी ऑनलाइन भरले असते त्यापेक्षा कितीतरी जास्त, कारण गेटवरचा दर हा अडलेल्याचा दर असतो.

आता वरचा कप्पा. या विषयावर मी वाटेल तितकं बोलू शकतो. चढायला उशीर झाला की कप्पे अर्धे भरलेले असतात. मी कव्हर दुमडून, सगळ्या बॅगांच्या वर अलगद ठेवलं आणि बसलो. मागून एकजण आला. त्याने कव्हर उचललं, कप्प्याच्या तळाशी सारलं आणि त्यावर चाकांची टणक बॅग ढकलली. चाकं आत, हँडल बाहेर. झाकण लागेना म्हणून तळहाताने दोन दणके दिले. मी 'अहो, त्यात सूट आहे' म्हणेपर्यंत झाकण बंद झालं होतं. तो म्हणाला, 'हो हो, काही होत नाही.' मग पट्ट्याचा दिवा लागला आणि मी डोक्यावरच्या त्या झाकणाकडे बघत बसलो. विमान बदलल्यावर माणूस वेगळा, दणके तेच.

कोट बाहेर काढला तेव्हा डाव्या बाहीवर कोपराच्या वर तिरकी, धारदार घडी पडली होती. लॅपल, म्हणजे कोटाच्या कॉलरखालची छातीवर वळलेली पट्टी, आडवं मोडलं होतं, म्हणजे ज्या दिशेला ते कधीच वळत नाही नेमक्या त्या दिशेला. बाहीची घडी एक वेळ खपते, लॅपलची खपत नाही. समोरचा माणूस तुमच्याशी बोलताना तिथेच बघतो. पँट मात्र हँगरच्या दांडीवर असल्याने जवळपास जशीच्या तशी होती. पँटची काळजी कोणी करू नये, सगळा प्रश्न कोटाचा आहे.

हे का होतं ते समजलं तर पुढचं सोपं जातं. लोकर ओलावा भरपूर शोषते, स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत, आणि तरी हाताला ओली लागत नाही. ओलावा आणि ऊब मिळाली की तंतूंमधले बंध सैल होतात. कोरडं आणि थंड होताना कापड ज्या आकारात असेल त्या आकारात ते पुन्हा घट्ट बसतात. इस्त्री याच जोरावर चालते, आणि बॅगेतली चुणीही. गेटपर्यंत धावपळीत घामेजलेला कोट काढून लगेच दाबून ठेवला तर तुम्ही त्याला चुकीच्या जागी इस्त्रीच करता आहात.

म्हणूनच 'बाथरूममध्ये गरम पाणी सोडा, वाफेने सगळं जातं' हा दुसरा लाडका सल्ला अर्धाच खरा. लोकरीच्या हलक्या चुण्या जातात. पंधरा-वीस मिनिटं दार बंद ठेवा, कोट पाण्याच्या शिंतोड्यांपासून लांब टांगा, आणि नंतर खोलीत पूर्ण वाळू द्या. दमट कोट अंगात चढवला तर कोपरावर फुगे येतात. हे सगळं आदल्या रात्री करायचं, निघायच्या आधी अर्धा तास नाही. दाबाने बसलेली लॅपलची घडी यातून जात नाही. आणि टांगणार कशावर? बऱ्याच हॉटेलांतल्या हँगरना आकडाच नसतो. दांडीवरच्या कडीत अडकणारी नुसती गोळी असते, चोरी होऊ नये म्हणून. ते हँगर बाथरूममध्ये कुठेच लटकत नाहीत. स्वतःचा आकड्याचा हँगर न्या. रुंद खांद्याचा नेता आला तर उत्तम, नाहीतर साधा हँगर न्या आणि खांद्यांवर टॉवेल गुंडाळा.

हॉटेलच्या तातडीच्या इस्त्रीबद्दल एवढंच लिहितो की तो दर बघून मी कार्ड परत ठेवलं आणि खोलीतली इस्त्री घेतली. तिच्या तळाला तपकिरी डाग होते. अशी इस्त्री कोटाला थेट लावायची नाही. दोन ठिपक्यांची खूण, म्हणजे जास्तीत जास्त 150 अंश, मध्ये ओलसर सुती रुमाल, आणि घासायचं नाही, दाबायचं आणि उचलायचं. थेट लावली तर कापडाला चकाकी येते आणि ती सहज जात नाही. लॅपल जिथून गोलाईने वळतं ती वळणाची रेष इस्त्रीने चपटी करू नका. छातीच्या कापडामागे आतून ताठ थर चिकटवलेल्या कोटाला जास्त उष्णता दिली की छातीवर बुडबुडे येतात, मग तो कोट गेला.

परतीला आणि त्यानंतर मी साध्या केबिन बॅगेत, घडी घालून सूट आणला. सांगायला आनंद होतो की हीच पद्धत चालते आणि मला ती आधी कोणीही सांगितली नाही. खिसे रिकामे करा, पेनसुद्धा ठेवू नका. डावा खांदा आतून उलटा करा, म्हणजे अस्तर बाहेर येईल, पण बाही ओढून उलटी करू नका, तिला आत सरळ पडू द्या. आता उजवा खांदा न उलटवता त्या उलट्या खांद्याच्या पोकळीत बसवा. एकावर एक ठेवलेल्या दोन वाट्यांसारखे खांदे एकमेकांत बसले पाहिजेत. कोट पाठीच्या मधल्या शिवणीवर उभा दुमडला जातो, लॅपल आत सुरक्षित राहतं आणि बाहेरून फक्त अस्तर दिसतं. ड्रायक्लीनवाल्याची पातळ प्लास्टिकची पिशवी फेकू नका, तिच्यात हे सगळं घाला. कापड कापडाला धरून न ठेवता घसरतं, म्हणून चुणी पडत नाही. मग कंबरेपाशी एकच घडी, आणि त्या घडीत गुंडाळलेला टी-शर्ट, म्हणजे धार न येता गोलाई येईल.

पँट आधी बॅगेत आडवी पसरा, पाय बाहेर लोंबू द्या, त्यावर बाकीचे कपडे ठेवा आणि शेवटी पाय वर आणून झाका. बूट चाकांच्या बाजूला, मोजे बुटांत. कोट सर्वांत वर. बॅग अर्धी रिकामी ठेवू नका, आतलं सामान सरकलं की चुण्या पडतात. पण झिप लावायला गुडघा टेकावा लागत असेल तर सामान कमी करा.

गुंडाळून नेणं: शर्टाला ठीक, खांद्याला पॅड असलेल्या कोटाला नाही. हवा काढून घट्ट करायच्या पिशव्या: कधीच नाही. हातातला छोटा स्टीमर: पाणी सुरक्षा तपासणीआधी ओतून टाकावं लागतं आणि वजन वाढतं, त्यापेक्षा नीट घडी घाला. कोट अंगावर घालून जाणं: चांगली युक्ती, अंगावरचा कोट सहसा कोणी मोजत नाही. पण घालून बसू नका, पाठीत आणि बगलेत आडव्या रेषा पडतात. जागेवर पोचल्यावर तो वरच्याच पद्धतीने उलटा घडी घाला, मांडीवर धरा, आणि सगळ्यांच्या बॅगा ठेवून झाल्यावर, झाकणं लागायच्या अगदी आधी, सगळ्यांच्या वर ठेवा.

दोन सुटांतून निवडायचा असेल तर दुकानदार ज्याचं कौतुक करतो तो नेऊ नका. सुपर 150 (लोकरीच्या बारीकपणाची श्रेणी, आकडा मोठा तितका तंतू बारीक) चं कापड 16.25 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक तंतूंचं, देखणं, पण नाजूक. घट्ट पीळ दिलेल्या धाग्याची, किंचित खरखरीत लोकर टांगल्यावर रातोरात स्वतःच बरीच सुधारते. पॉलिएस्टर मिसळलेलं सहज चुरगळत नाही, पण एकदा बसलेली घडी नुसतं टांगून सोडत नाही. लिननचा सूट न्यायचा असेल तर चुण्यांसकट मिरवा, दुसरा इलाज नाही.

पोचल्यावर आधी कोट काढून टांगा, मग आंघोळ, मग फोन. परतीला एवढे कष्ट घ्यायची गरज नाही, घरी इस्त्री आहे. फक्त कार्यक्रमात घामेजलेला कोट त्याच रात्री बॅगेत भरू नका. पहाटेचं विमान असेल तर निघेपर्यंत पंख्याखाली टांगून ठेवा आणि बॅगेत सर्वांत शेवटी घाला.