मैत्रिणीच्या साक्षीला कोर्टात गेले तेव्हा: माझा अनुभव

मैत्रिणीच्या बलात्काराच्या केसमध्ये साक्षीच्या वेळी मी तिच्यासोबत होते. (नाव-गाव लिहीत नाही, पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे.) तक्रार, मेडिकल, चार्जशीट कसंबसं पार पडलं. अडलं ते उलटतपासात.

सुनावणी इन-कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड होती. मला आत बसता यावं म्हणून आधीच अर्ज दिला होता. तुम्हीही द्या, ऐनवेळी दारातूनच परत पाठवतात. समोरच्या वकिलाने विचारलं, "याआधी तुमचे कुणाशी संबंध होते?" तिने न्यायाधीशांकडे पाहिलं. ते मान खाली घालून लिहीत होते. पुन्हा तोच प्रश्न. सरकारी वकील फाइल चाळत बसले. तिसऱ्यांदा विचारल्यावर न्यायाधीश म्हणाले, "बाई, उत्तर द्या, वेळ जातोय." कठड्यावरची तिची बोटं पांढरी पडली होती. मला बोलायची मुभा नव्हती. ती "नाही" म्हणाली, तेही टाइप झालं. मग तारीख पडली, पाच आठवड्यांनंतरची. तेवढे दिवस तिला धड झोप नव्हती.

असा प्रश्न विचारताच येत नाही! आमची केस जुन्या, म्हणजे 1 जुलै 2024 पूर्वीच्या कायद्याखालची, त्यात पुरावा कायद्याच्या कलम 146 मध्ये तशी स्पष्ट मनाई आहे. ओळखीच्या वकीलबाईंनी सर्वोच्च न्यायालयाचा 18 मार्च 2021 चा अपर्णा भट निकालही काढून दिला. आरोपीने पीडितेकडून राखी बांधून घ्यावी, ही जामिनाची अट त्यात रद्द झाली आणि न्यायाधीशांच्या प्रशिक्षणात लिंगसंवेदनशीलता शिकवावी, असं बजावलं गेलं. असे प्रश्न थांबवावेत, असा अर्ज केला आणि दोन्हींच्या झेरॉक्स त्याला जोडल्या. पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी कागद वाचले आणि वकिलाला म्हणाले, "तो विषय सोडा."

दोन मिनिटांत झालं. माझा राग अजून गेलेला नाही. जे शिकवूनच त्यांना खुर्चीवर बसवायला हवं, ते आम्ही झेरॉक्स काढून का दाखवायचं? हे प्रशिक्षण सक्तीचंच हवं, वर्षानुवर्षं निकाल देत आलेल्यांनाही.

हो, एक राहिलं. सरकारी वकिलांच्या मदतीला पीडितेला कोर्टाच्या परवानगीने स्वतःचा वकील देता येतो. आम्हाला हे उशिरा कळलं. आरोपी नजरेस पडू नये म्हणून पडदाही मागता येतो.

उलटतपास सव्वातीनला संपला. सही करण्याआधी तिने जबानीचं पान न् पान वाचलं आणि दोन ठिकाणी दुरुस्ती करायला लावली.