वसई किल्ल्यात गेलात तर जरा खाली बघा

वसईच्या किल्ल्यात रविवारी जी गर्दी असते ना ती बहुतेक फोटोसाठी आलेली असते, आणि प्री-वेडिंगवाले तर हमखास फ्रान्सिस्कन चर्चमध्ये, कारण तिथल्या उंच कमानी आहेतच तशा देखण्या. छप्पर कधीच गेलंय, भिंतीतून पिंपळ फुटलेत. पण मला विचाराल तर तिथलं सगळ्यात मोलाचं काही असेल तर ती जमीन.

चालताना पायाखाली ज्या लांबट काळपट लाद्या लागतात ना, ती थडगी आहेत. त्या काळी ऐपतदार पोर्तुगीज माणसाला चर्चच्या आतच पुरायचे, जितकं वेदीच्या जवळ तितका मान जास्त. काही लाद्यांवर ढालीच्या आकारात घराण्याचं चिन्ह कोरलंय, खाली नाव, साल, आणि जागा पुरावी म्हणून अक्षरं एकमेकांत अडकवलेली, त्यामुळे पोर्तुगीज येत असलं तरी पटकन लागत नाही. बऱ्याच ठिकाणी मजकूर साधारण असा असतो, की ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची. म्हणजे एकच जागा पिढ्यान्‌पिढ्या वापरायची, कुणी गेलं की लादी उचलायची आणि परत बसवायची. मला हे वाचून फार गलबलतं, कारण १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळाली तेव्हापासून ही माणसं इथलीच होऊन राहिली होती आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर तहाप्रमाणे सगळं आवरून निघून गेली. चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या, त्यातली एक आजही नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. आजोबा-पणजोबा मात्र इथेच राहिले.

सेंट जोसेफचा मनोराही बघाच, तिथे दारावर १६०१ साली चर्च नव्याने बांधल्याचा लेख आहे.

जायचंच तर पाऊस संपल्यावर, सकाळी लवकर जा. ऊन तिरपं पडलं की झिजलेली अक्षरंसुद्धा उठून दिसतात, दुपारी डोक्यावर ऊन आलं की तीच लादी कोरी वाटते. आणि प्लीज, वाचता यावं म्हणून त्यात खडू घासू नका, ट्रायपॉड लादीवर ठेवू नका, फोटोसाठी जागा भरपूर आहे.