वहीतली साडेअकरा मिनिटं

तक्रारींची बैठक अकराला होती. बाई आल्या अकरा पंचविसाला, घामाघूम होऊन. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "वेळेची तक्रार करणाऱ्यांनी तरी वेळेवर यावं." मी हसले. ते हसणं अजून खुपतंय.

मी शहर बससेवेच्या नियोजन विभागात आकडेमोड करते. प्रत्येक बस दर दहा सेकंदांनी आपला ठावठिकाणा पाठवते आणि त्यावरून कुठली बस कुठल्या थांब्यावर कधी पोचली हे काढायचं, हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात दिवसाचा निम्मा वेळ कचरा उपसण्यात जातो. थांब्याजवळच्या सिग्नलला अडकलेली बस एकाच फेरीत दोनदा आल्यासारखी दिसते. उंच इमारतींमधून जाताना ती शेजारच्या रस्त्यावर उडी मारते. डेपोत उभी असलेली बस रात्री तीनला पन्नास मीटर सरकते आणि परत येते. हे सगळं गाळणारे नियम मी स्वतः लिहिलेत आणि त्यांचा मला भलताच अभिमान होता.

बाईंचं म्हणणं एवढंच होतं की तुम्ही दर दहा मिनिटांनी बस म्हणता आणि मी सरासरी साडेअकरा मिनिटं उभी राहते. आम्ही पाठवलेल्या उत्तराचा मसुदा माझाच होता: दोन बसमधलं सरासरी अंतर 10 मिनिटे आहे, प्रवासी कोणत्याही क्षणी आला तरी सरासरी 5 मिनिटे थांबेल, आपल्या नोंदी प्रातिनिधिक नसाव्यात.

बैठकीत त्यांनी वही काढली. 43 दिवस, रोज एक ओळ: थांब्यावर पोचल्याची वेळ, बस आल्याची वेळ, मधली मिनिटं.

"मॅडम, माणसाला वाईट दिवसच लक्षात राहतात," साहेब म्हणाले.

"म्हणून तर लिहून ठेवलं," बाई म्हणाल्या.

मी पानं चाळली. पाच ठिकाणी शून्य होतं, म्हणजे पोचल्या तेव्हा बस उभीच होती. नुसतं रडगाणं गायचं असतं तर कोण शून्य लिहून ठेवेल? मी पानांची झेरॉक्स मागून घेतली. साहेबांना ते आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या थांब्यावर जाऊन तासभर उभी राहिले. नोकरीला लागून नऊ वर्षं झाली होती आणि असं उभं राहण्याची ही पहिलीच वेळ, हेही सांगून टाकते. आठची बस गेली की मोजायला सुरुवात केली. पुढच्या बस आल्या त्या 2, 17, 1, 22, 3 आणि 15 मिनिटांच्या अंतराने. बेरीज 60, सहा बस, सरासरी बरोब्बर 10. माझा अहवाल खरा होता.

पण दर मिनिटाला एक माणूस थांब्यावर येतो असं धरा. साठपैकी 54 माणसं त्या तीन लांब अंतरांत येतात. छोट्या अंतरांत येणारी फक्त सहा. आम्ही सरासरी काढताना 2 मिनिटांचं अंतर आणि 22 मिनिटांचं अंतर दोन्ही एकेकदाच मोजतो. थांब्यावर मात्र 22 मिनिटांच्या अंतरात 22 माणसं अडकलेली असतात आणि प्रत्येक जण सरासरी त्या अंतराच्या निम्मा वेळ, म्हणजे 11 मिनिटं थांबतो. अंतरांचे वर्ग करून बेरीज केली तर 1012 येते, तिला 60 च्या दुपटीने भागलं की सरासरी प्रतीक्षा 8.4 मिनिटं निघते. माझ्या पत्रातली पाच मिनिटं खरी ठरायला सगळ्या बस ठोक्याला ठोका येतात असं गृहीत धरावं लागतं. बस आपसांत काही संबंध नसल्यासारख्या, अगदी केव्हाही येत असतील, तर दहा मिनिटांच्या सरासरी अंतराला सरासरी प्रतीक्षाही दहा मिनिटंच निघते. पाठ्यपुस्तकातलं गणित आहे हे. मी परीक्षेत सोडवलंय, गुणही मिळालेत.

गर्दीचंही तेच. एका बसमध्ये 50 माणसं आणि मागच्या बसमध्ये 10. आमच्या लेखी सरासरी 30, म्हणजे ऐसपैस. पण 60 पैकी 50 जण चेंगरून आलेले असतात आणि तक्रार तेच करणार. रिकाम्या बसची साक्ष द्यायला आत माणसंच नसतात.

हे असं जोडीने येणं चालकांच्या माथी मारू नये. बसला थोडा उशीर झाला की पुढच्या थांब्यावर जास्त माणसं साठलेली असतात, ती चढेपर्यंत आणखी उशीर होतो. मागच्या बसला माणसंच उरत नाहीत, म्हणून ती भरभर येऊन पुढचीला गाठते. नेवेल आणि पॉट्स या संशोधकांनी 1964 मध्येच हे गणिताने मांडून ठेवलंय. तरी आमच्याकडे दोन बस एकत्र दिसल्या की पहिला मेमो चालकाला जातो.

तर 8.4 पर्यंत पोचले. बाईंची वही साडेअकरा म्हणत होती. एका तासाच्या नोंदींवर किती विसंबायचं, म्हणून दोन महिन्यांची फाइल काढली. तिथेही उत्तर साडेआठच्या आसपासच येत होतं. उरलेली तीन मिनिटं कुठे गेली?

दोन दिवस शोधलं. शेवटी सापडली ती माझ्याच एका नियमात. दोन बसमधलं अंतर 30 मिनिटांपेक्षा जास्त दिसलं तर बसचं यंत्र बंद पडलं असं समजून ती नोंद गाळायची. लिहिताना हे अगदी शहाणपणाचं वाटलं होतं, यंत्रं बंद पडतातच. आता गाळलेल्या नोंदी तिकीट यंत्रांशी ताडून पाहिल्या. बस खरंच आली असेल आणि फक्त ठावठिकाणा पोचला नसेल, तर त्या वेळात त्या थांब्यावरून तिकिटं फाटलेली असणार. बहुतेक नोंदींत एकही तिकीट नव्हतं. फेरी रद्द झाली होती. जी अंतरं सगळ्यात जास्त माणसांनी उभं राहून काढली, नेमकी तीच मी कचरा म्हणून फेकत होते. ती परत घातल्यावर प्रतीक्षा अकराच्या जवळ गेली.

साहेबांना दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मग म्हणाले, "गणित बरोबर आहे, पण अहवालात सरासरी अंतरच मागतात." प्रयोग म्हणून मधल्या एका थांब्यावर पुढच्या बसला खूप चिकटलेली बस दोन-तीन मिनिटं रोखून धरायचं ठरलं. थांब्यावरची प्रतीक्षा कमी झाली. पण आत बसलेले प्रवासी खवळले, "बस उगाच का उभी केलीय?" म्हणून. थांब्यावर ज्यांची मिनिटं वाचली त्यांना तसं काही घडलंय हे कळणारच नव्हतं, त्यामुळे त्यांच्याकडून चकार शब्द नाही. दुसऱ्या आठवड्यात प्रयोग गुंडाळला. 30 मिनिटांचा नियम तेवढा मी काढून टाकला, कुणाला न विचारता.

बाईंना दुरुस्तीचं पत्र अजून गेलेलं नाही. मसुदा तयार आहे, सही व्हायची आहे. परवा तो पुन्हा वाचताना वहीची झेरॉक्स काढली. शेवटची ओळ बैठकीच्या दिवसाची आहे आणि मी ती आधी नीट पाहिलीच नव्हती. सकाळी 10:14 ला थांब्यावर, 10:48 ला बस. 34 मिनिटं. मी त्या दिवशीची जुनी फाइल उघडली. त्यात ते अंतर नव्हतंच.