बदलीची ऑर्डर मैदानावर येते तेव्हा

जुलै अर्धा सरला की आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये भेटणारा माणूस हवापाण्याचं बोलत नाही. 'कोण जाणार?' एवढंच विचारतो. आम्ही राहतो न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, सात नंबरच्या गाडीच्या मार्गावर, आणि इथला बेसबॉलचा संघ म्हणजे मेट्स. जुलैअखेरीच्या सुमारास एक मुदत असते, तोवर संघ आपापसात खेळाडूंची अदलाबदल करू शकतात. त्याला इथे ट्रेड म्हणतात. शेवटच्या दिवशी तर किराणा दुकानाचा गल्ल्यावरचा मुलगासुद्धा सुट्टे पैसे देता देता फोनकडे बघत असतो.

बेसबॉलचे नियम समजायला मला दोन वर्षं लागली. ट्रेड मात्र पहिल्या दिवशी समजला, कारण आमच्या घरात त्याला बदली म्हणत.

बाबा सरकारी नोकरीत होते. आपल्याकडे बदल्यांचा हंगाम एप्रिल-मेचा. परीक्षा संपलेल्या असत, आंबे आलेले असत, आणि एके दिवशी संध्याकाळी बाबा सायकल जरा जास्तच सावकाश भिंतीला लावत. आईला तेवढ्यावरून कळायचं. तिसरीपर्यंत मी कराडला होते, पाचवीत चिपळूणला, आठवीत परभणीला. ट्रकमध्ये आधी कपाट, मग ट्रंका, मग गाद्यांच्या वळकट्या, आणि सगळ्यात शेवटी तेलाच्या डब्यात लावलेली तुळस. ती आई ड्रायव्हरशेजारी, स्वतःच्या मांडीवर घेऊन बसायची.

आयपीएलमुळे लिलाव आणि ट्रेड हे शब्द आता तुम्हालाही नवे नाहीत. पण तिथे अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते. इथे बहुतेकांना कोणी विचारत नाही. करार संघाशी असतो, तो करारच दुसऱ्या संघाकडे जातो आणि माणूस त्याच्या मागोमाग. घराचं भाडं, मुलांची शाळा, बायकोची नोकरी, हे सगळं नंतर निस्तरायचं. काही बडे खेळाडू करारातच 'माझा ट्रेड करायचा नाही' असं लिहून घेतात. बाकीच्यांसाठी नियम एकच आहे: सर्वोच्च पातळीवर दहा वर्षं झाली असतील आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात, तरच नाही म्हणता येतं.

हा हक्कही आपोआप मिळालेला नाही. कर्ट फ्लड नावाचा सेंट लुईस कार्डिनल्सचा खेळाडू होता. बारा वर्षं त्या संघाकडून खेळला. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला फिलाडेल्फियाला पाठवलं. त्याने जायला नकार दिला आणि बेसबॉलच्या कमिशनरला, म्हणजे या खेळाच्या प्रमुखाला, पत्र लिहिलं, की माझी इच्छा न विचारता विकावी अशी मी मालमत्ता नाही. हे लिहिणारा कृष्णवर्णीय होता, आणि मालमत्ता या शब्दामागे त्याच्या माणसांचा केवढा इतिहास आहे हे त्याला नेमकं माहीत होतं. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९७२ मध्ये तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. तोवर त्याचं खेळणंही संपलं होतं. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, हा दहा आणि पाच वर्षांचा नियम आला. १९७५ च्या एका लवादाच्या निवाड्यानंतर करार संपल्यावर खेळाडूंना संघ निवडण्याची मोकळीक मिळाली. आज जे कोट्यवधी डॉलरचे करार आपण वाचतो, त्यांच्या मुळाशी हा माणूस आहे. मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त बस ड्रायव्हर आजोबा राहतात. त्यांच्यासाठी जगातला एकच ट्रेड खरा आहे: १५ जून १९७७, टॉम सीव्हर. सीव्हर म्हणजे मेट्सचा सर्वांत मोठा पिचर, आपल्या भाषेत गोलंदाज. कायम तळाशी असणाऱ्या या संघाला १९६९ मध्ये जगज्जेतेपद मिळालं ते त्याच्या जिवावर. पगारावरून व्यवस्थापनाशी वाजलं, वर्तमानपत्रात त्याच्या बायकोचं नाव ओढलं गेलं, आणि त्याला चार खेळाडूंच्या बदल्यात सिनसिनाटीला देऊन टाकलं. निरोपाच्या वेळी पत्रकारांसमोर त्याला बोलवेना, तेव्हा त्याने वही मागून घेतली आणि चाहत्यांसाठीचे शब्द लिहून दिले. हे सांगताना आजोबा अजूनही आवंढा गिळतात. आता स्टेडियमबाहेर सीव्हरचा पुतळा आहे. चेंडू टाकताना उजवा गुडघा जमिनीला घासेल इतका खाली वाकलेला. आजोबा दर सामन्याला आधी तिथे जाऊन उभे राहतात, मग आत जातात.

मला स्वतःला जोएल यंगब्लडची गोष्ट फार जवळची वाटते. ४ ऑगस्ट १९८२ ला दुपारी तो शिकागोत मेट्सकडून खेळत होता, हिट मारली, म्हणजे चेंडू टोलवून पहिला तळ तरी गाठला, आणि सामना चालू असतानाच कळलं की तुला मॉन्ट्रियलला दिलंय. त्यांचा सामना त्याच रात्री फिलाडेल्फियात होता. विमानाने गेला, रात्री उतरला आणि तिथेही हिट मारली. एका दिवसात दोन शहरांत, दोन संघांकडून. पण त्या धावपळीत त्याचा ग्लोव्ह शिकागोत राहिला होता आणि तो घ्यायला तो वाटेतून परत फिरला होता. विमान चुकलं असतं तर? मला दर वेळी ती मांडीवरची तुळस आठवते.

आणि मग विल्मर फ्लोरेस.

२९ जुलै २०१५, बुधवार. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर मी स्टेडियमवर होते. सामना सॅन डिएगोशी, मेट्स मागे पडलेले. सातव्या इनिंगमध्ये मेट्सचा फ्लोरेस बॅटिंगला आला आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मी विचारलं, काय झालं? मैत्रिणीने फोन पुढे धरला. त्याचा मिलवॉकीशी ट्रेड झाल्याची बातमी पसरली होती. चाहते त्याला निरोप देत होते, पण अधिकृतपणे कोणी काहीच सांगितलं नव्हतं आणि तो अजून मैदानात होता. पुढच्या इनिंगमध्ये तो शॉर्टस्टॉपच्या जागेवर, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या तळाच्या मध्ये, क्षेत्ररक्षणाला उभा राहिला आणि बाहीने डोळे पुसू लागला. हजारो लोकांसमोर. चेंडू आला तर पकडायचा, आणि मधल्या वेळात डोळे पुसायचे. माझ्या पुढच्या रांगेतला एक दांडगा माणूस टोपी काढून, ती छातीशी धरून उभा होता.

तो ट्रेड शेवटी झालाच नाही. बदल्यात येणाऱ्या खेळाडूच्या खुब्याच्या दुखण्यावरून बोलणी फिसकटली. दोन दिवसांनी, ३१ जुलैला, फ्लोरेस परत मेट्सच्याच जर्सीत उतरला. वॉशिंग्टनविरुद्धचा सामना नेहमीच्या नऊ इनिंग सोडून बाराव्यापर्यंत लांबला, १-१. तो सामना मी घरी बघत होते. फ्लोरेसने चेंडू स्टँडमध्ये धाडला आणि २-१ ने सामना संपवला. शेवटचा तळ गाठताना त्याने छातीवरचं 'मेट्स' हे नाव मुठीत घट्ट पकडून पुढे ओढलं. खालून, वरून, सगळ्या खिडक्यांतून ओरडण्याचा आवाज आला. आजोबा जिन्यात उभे राहून रडत होते.

मी पुण्याला फोन लावला. तिकडे शनिवारची सकाळ होती, बाबा पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. बेसबॉल त्यांना ओ का ठो माहीत नाही, पण मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाले, "म्हणजे ऑर्डर रद्द झाली."

"हो बाबा."

"आपली एकदा झाली होती. परभणीच्या आधी. तू लहान होतीस. ट्रकवाल्याचा अ‍ॅडव्हान्स गेला, पण तुझ्या आईने त्या दिवशी पुरणपोळी केली होती."

मग आईने फोन घेतला. तिने एवढंच विचारलं, "किती वर्षांचा आहे गं तो मुलगा?"

"येत्या सहा तारखेला चोवीस पूर्ण होतील. व्हेनेझुएलाचा आहे. सोळाव्या वाढदिवशी या संघाशी करार झाला त्याचा."

"सोळाव्या?" आई म्हणाली, आणि बराच वेळ काही बोलली नाही.