गुंबा सरळ चालतो

संध्याकाळी सातला दादरच्या पुलावर समोरून येणारा माणूस शेवटच्या क्षणी का होईना, खांदा वळवतो. गुंबा नाही वळवत. 'सुपर मारिओ ब्रदर्स' या व्हिडिओ गेमच्या पहिल्याच पडद्यावर हा शत्रू उजवीकडून येतो, तपकिरी, भुवया आखडलेला, आणि पुढे खड्डा आला तर खड्ड्यात जातो. लाल कासव कडेला पोचलं की मागे फिरतं. याला तेवढीही अक्कल दिलेली नाही. पाइप किंवा दुसरा गुंबा आडवा आला, तरच काय ते माघारी.

1985 मध्ये खेळ जवळपास तयार झाल्यावर लक्षात आलं, की पहिला शत्रू म्हणून कासव जड जातंय. त्याच्यावर उडी मारली की कवच उरतं, आणि लाथाडलेलं कवच पाइपावर आपटून आपल्याच अंगावर येतं. एका उडीत निकाल लागेल असं कोणीतरी हवं होतं. पण कॅसेटमध्ये जागा कुठे? अख्खा खेळ 40 केबीचा. मग चालत्या गुंबाचं एकच चित्र काढलं, 16 बाय 16 ठिपक्यांचं, आणि तेच आरशातल्यासारखं उलटसुलट करत राहिले. पाय टाकतोय असं वाटतं ते त्यामुळे. जपानी नाव कुरिबो. कुरी म्हणजे चेस्टनट, जात मात्र अळंबीची.

कॅसेटला फुंकर मारून खेळ लावणाऱ्या, पार्ल्यापासून परळपर्यंतच्या कित्येक पोरांची पहिली विकेट यानेच काढली असणार. चूक ठरलेली: पळायचं बी बटण दाबून सुटायचं आणि गुंबा नाकाशी आल्यावर उडी. टक्कर होते तेव्हा मारिओ, म्हणजे आपला गडी, वर चाललाय की खाली येतोय, एवढंच खेळ बघतो. खाली येत असेल तर कडेने घासला तरी गुंबा चेपतो. वर जात असेल तर मारिओ गेला. म्हणून उडी लवकर मारावी, दोन-तीन विटांचं अंतर असताना. उडीचं ए बटण टिचकीने सोडलं तर उडी बुटकी, धरून ठेवलं तर उंच.

एक गुंबा म्हणजे 100 गुण, किरकोळच. पण पाय जमिनीला न लावता लगेच दुसरा चेपला तर गुण वाढतात. विटांवर चढून बसलेला असेल तर खालून त्या विटेला डोकं मारावं, तो उलटा होऊन खाली जातो. पुढे उंचावरच्या विटांवरून दोघे एकामागोमाग खाली येतात, तिथे घाईने त्यांच्या खाली शिरू नये. थांबावं. त्यांना पडून काही होत नाही. जमिनीला टेकले की पुन्हा डावीकडे चालू पडतात.