एकोणिसाव्या वर्षी बाप, १८५० ग्रॅमचं बाळ: पहिले बेचाळीस दिवस

आमचं बाळ ३५व्या आठवड्यात झालं, वजन १८५० ग्रॅम. आई आणि मी दोघंही एकोणीस वर्षांचे. आईचं वय कमी असलं की बाळ दिवस भरण्याआधी येण्याची आणि वजन कमी भरण्याची शक्यता वाढते. म्हणून आमच्या वयाच्या आईबापांना यातलं बरंच लागू पडेल. वॉर्डात इतक्या तरुण बापाला कुणी काही सांगत नाही. सूचना आजीला मिळतात, त्याला औषधं आणायला पाठवतात. खाली लिहिलंय ते काम मात्र बापाला पहिल्या दिवसापासून करता येतं, आणि त्यानं ते करावंच.

सगळ्यात मोठं काम कांगारू पद्धतीनं बाळ छातीशी धरण्याचं. अडीच किलोच्या आतल्या बाळाच्या अंगात चरबी कमी असते, त्याला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. बाळाला फक्त टोपडं, मोजे आणि लंगोट घालायचा. आपला शर्ट-बनियन काढून बाळ छातीवर उभं धरायचं, पोट आपल्या छातीला टेकलेलं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवून किंचित वर. मग सुती साडी किंवा ओढणीनं दोघांना बांधायचं आणि वरून शर्ट घालायचा. छातीवर केस असले तरी काही बिघडत नाही. आधी आंघोळ हवी. अत्तर नको, विडी-सिगारेट तर नकोच. सर्दी-खोकला किंवा अंगावर पुरळ असेल तर तेवढे दिवस दुसऱ्यानं धरावं.

चूक होते ती मानेची. हनुवटी छातीत रुतली की श्वासाची वाट दबते, म्हणून बाळाचं तोंड आपल्याला सतत दिसलं पाहिजे. दुसरी चूक म्हणजे गाठ पोटावर आवळणं. एवढी बाळं पोटानं श्वास घेतात, तिथे सैलच हवं. टेकून बसायचं, आडवं व्हायचं नाही, आणि डोळा लागत असेल तर बाळ दुसऱ्याकडे द्यायचं. एका बैठकीला किमान एक तास, कारण दर वीस मिनिटांनी उचलाउचल केली तर बाळाची झोपच होत नाही. सगळ्यांचे मिळून दिवसाचे ८ तास तरी भरावेत, जास्त झाले तर उत्तमच. माझी कामाची पाळी सकाळची होती, म्हणून संध्याकाळी ७ ते ९ आणि पहाटे ४ ते ६ हे तास माझे. पहाटेचे महत्त्वाचे, कारण तेव्हा आईला सलग झोप मिळते.

थर्मामीटर हाताशी नसेल तर हाताची पालथी बाजू लावून बघा. पोट आणि तळपाय दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट पण पाय गार, तर बाळ गारठतंय, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार असतील तर छातीशी धरूनच दवाखान्यात जा.

दुधाचं गणित डॉक्टर ठरवतात, पण ते समजून घ्यावं. पहिल्या दिवशी किलोमागे ६० मिली, मग रोज थोडं वाढवत आठवड्याभरात १५० मिलीच्या आसपास. आमच्या बाळाला दर दोन तासांनी म्हणजे दिवसातून १२ वेळा पाजायचं होतं. पहिल्या दिवशी एका वेळी साधारण ९ मिली, आठवड्यानंतर २३ मिली. ओढायची ताकद कमी असली तर आईनं काढलेलं दूध वाटी-चमच्यानं द्यायचं, बाटली नको. वाटी-चमचा दर वेळी धुऊन १० मिनिटं उकळायचा, हे माझं काम. काढलेलं दूध बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि ते उकळू नये. गरम पाण्यात वाटी धरून कोमट करावं. दिवसात किमान सहा वेळा शू झाली तर दूध पुरतंय. पहिल्या आठवड्यात वजन घटतं. आमचं १६९० पर्यंत उतरलं आणि चौदाव्या दिवशी जन्माच्या वजनावर आलं. पुढे रोज २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. मोजताना काटा तोच आणि अंगावर कपडे नाहीत, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही.

घरात खरी अडचण शेक-शेगडी, धुरी, बाळगुटी आणि मधाचं बोट यांची येते. एकोणीस वर्षांच्या पोरानं आजीला नाही म्हणायचं म्हणजे अवघडच. पण बंद खोलीतली शेगडी विषारी वायू सोडते आणि मधातून बाळाला जीवघेणा जंतुदोष होऊ शकतो. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. हे त्यांच्या तोंडून आजीपुढे वदवून घ्या. वाद टळतो.

दोन तपासण्या हमखास राहून जातात. दोन किलोच्या आत किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा चौथ्या आठवड्यापर्यंत तपासावाच लागतो. उशीर झाला तर नजर कायमची जाऊ शकते आणि बाहेरून काहीही दिसत नाही. दुसरी श्रवण चाचणी, पहिल्या महिन्यात. घरी सोडतानाच दोन्हींची तारीख लिहून मागा.

जन्मनोंदणी २१ दिवसांत विनाशुल्क होते. नाव ठरलं नसलं तरी नोंद होते, नाव वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येतं. आईबापाच्या नावांचं स्पेलिंग आधारशी ताडून मगच सही करा. आई अठरा वर्षांच्या आतली असेल तर रुग्णालयाला पोलिसांना कळवावंच लागतं, पण त्या भीतीनं बाळंतपण घरी करू नका. त्यात दोघांचा जीव जाऊ शकतो.

दीड महिन्याची लस जन्मतारखेवरून मोजतात, बाळ लवकर झालं म्हणून पुढे ढकलत नाहीत. पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), पीसीव्ही (न्यूमोनियावरची) आणि पोलिओची अशी तीन इंजेक्शनं, शिवाय तोंडातून पोलिओचे २ थेंब आणि रोटाचा (जुलाबावरच्या लसीचा) डोस. नंतरच्या तापाला पॅरासिटामॉल दिलं तर बाटलीवरचा आकडा वाचा: ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिग्रॅ असतं, लहान मुलांच्या नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५. म्हणजे चौपट फरक. मात्रा वजनावरून डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. लस नसताना ताप आला, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास झाले, छाती आत ओढली जाऊ लागली, बाळ ओढेना, किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर थांबू नका, १०८ ला फोन करा. वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार आणि वाहन मोफत असतं.

कांगारू कधी थांबवायचं ते बाळच सांगतं. अडीच किलोच्या आसपास ते पाय ताणून बाहेर यायला बघतं, आत ठेवलं की रडतं. आमचं चाळिसाव्या दिवशी असं करू लागलं. तेव्हा ओढणी सोडली.